बाईंचे रबराचे हात

बाई माणसाचं तोंड आधी बघत नसत. आधी हात बघत. दारात कोणीही येवो, भाडं द्यायला आलेला भाडेकरू असो की दही विकणारी गवळण, बाईंची नजर आधी खाली जायची आणि मग सावकाश वर यायची. रामराम नाही, जेवलीस का नाही. त्या विचारायच्या, "कोरडी हायेस का?"

नव्या माणसाला यावर काय बोलावं ते सुचायचं नाही. लग्न होऊन मी अमरावतीला त्यांच्या खोल्यांत राहायला आले तेव्हा मलाही सुचलं नाही. मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी माझा हात धरला, एकेक बोट फाकवलं आणि खांद्यावरच्या पंच्याने बेचक्या पुसल्या. लहान मुलाच्या पुसाव्या तशा. सगळं पुसून झाल्यावर म्हणाल्या, "हं, आता सांग. नाव काय तुहं?"

तेव्हा आमची राजधानी नागपूर होती. अमरावतीत कापसाच्या जिनांचे भोंगे वाजले की गाव उठायचं. जिनाच्या मागच्या अंगाला बाईंच्या मालकीची कवेलूच्या छपराच्या खोल्यांची एक ओळ होती. मध्ये अंगण, एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला बाईंची खोली आणि तिला लागून टिनाचं छप्पर. माझे मालक जिनात कामाला होते. सासूबाई घरीच खानावळ चालवायच्या. जिनातले एकटे राहणारे लोक आमच्याकडे जेवायला यायचे.

बाई सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. त्यांचं लग्न लहानपणी झालं आणि नवरा लहानपणीच गेला. चेहराही आठवत नाही म्हणायच्या. नोकरी संपली तरी छातीवर उलटं लावलेलं घड्याळ त्यांनी काढलं नव्हतं. पांढरं पातळ, उलटं घड्याळ, खांद्यावर पंचा आणि पायात पुरुषी वहाणा. चालल्या की अंगणभर आवाज व्हायचा आणि धुणं धुणाऱ्या बायका घाईघाईने हात पदराला पुसायच्या.

"दिवसभर पान्यात हात," त्या म्हणायच्या. "बाई हाये का मासोळी?"

कोणी म्हणालं, "मंग काय करू बाई, भांडे कोन घासन?" की त्या दोन्ही हात कमरेवर ठेवायच्या. "दवाखान्यात डाक्टर रबराचे मोजे घालते. त्याचा हात मोलाचा हाये म्हनून. तुमचा काय कचऱ्यात सापडला?"

बायका पदराआड हसायच्या. बाईंचं ते हातमोज्यांचं वेड सगळ्यांना माहीत होतं. दवाखान्यातले मोजे भांड्यांना कामाचे नाहीत. ते इतके पातळ की एका काथ्याने फाटतात. म्हणून भांडी घासायला, धुणं धुवायला, शेण काढायला चालतील असे मोजे बाईंना स्वतः बनवायचे होते.

मी आले तेव्हा उन्हाळा संपत होता, आणि मी बाईंची पाहिलेली पहिली कारागिरी म्हणजे एक गोळा होता. त्यांनी मोठ्या हौसेने केलेले मोजे वऱ्हाडच्या उन्हात विरघळून एकमेकांना चिकटले होते. त्यातून चार बोटं वर आली होती. बाई तो गोळा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि एकेक बोट ओढून बघत होत्या. त्यांना वाईट वाटलं आहे असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "चिकटते तर मस्त."

रबराचं दूध मलबारातून यायचं. दवाखान्यातल्या एका मलबारी सिस्टरच्या भावाची रबराची झाडं होती. तो डबे भरून रेल्वेने पाठवायचा आणि बाई बडनेऱ्याला जाऊन ते उतरवून घ्यायच्या. दूध नासू नये म्हणून त्यात काहीतरी घातलेलं असायचं. त्याचा वास असा की डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा टांगेवाला अर्ध्या रस्त्यात टांगा थांबवून खाली उतरला.

"बाई, खरं सांगा, मुर्दा हाये का डब्यात?"

"दूध हाये."

"कोनाचं?"

"झाडाचं. चाल आता."

तो नाकाला दुपट्टा बांधून घोड्याच्या बाजूने पायी चालत आला. भाडं मात्र त्याने पूर्ण घेतलं, हे बाई नंतर वर्षानुवर्षं सांगायच्या.

मोजे करायला आधी साचा लागतो, म्हणजे हाताच्या आकाराचा हात. बाईंनी चांदूर बाजारकडच्या एका कुंभाराकडून मातीचे हात भाजून घेतले होते. तो ते बैलबंडीत गवताखाली घालून आणत होता, तर जकात नाक्यावरच्या माणसाने गवत उचललं आणि बोंब मारत बाहेर पळाला. कुंभार म्हणाला, "बाई, यापुढं गाडगे सांगजा, मडके सांगजा. हात नोका सांगू." पण त्यानेच पुन्हा करून दिले.

ते हात बाईंच्या छपराखाली ओळीने उभे असायचे. बाई एकेक हात दुधात बुडवायच्या, वर काढून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. थरावर थर. ओळीतली मुलं त्यांना रबराचे हात म्हणायची. रडणाऱ्या मुलाला आई म्हणायची, "चूप होतं का, का बाईचा हात बलावू?"

ते विरघळायचं दुखणं अकोल्याच्या एका टायरवाल्याने बरं केलं. बाई कोणाला न सांगता गाडीत बसून अकोल्याला गेल्या आणि टायर जोडायच्या एका दुकानात दिवसभर बसून राहिल्या. तो म्हातारा चाचा आधी वैतागला. मग त्याने गोळा हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाला, "बाई, ये तो कच्चा है. रबर को पकाना पड़ता है. गंधक डालो, आंच दो."

"म्हनजे माही भाकर कच्चीच राहिली म्हना की," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून बाईंच्या खलात गंधक कुटलं जाऊ लागलं आणि मोठ्या गंजात मोजे शिजू लागले. शेजारीण विचारायची, "आज काय शिजवलं बाई?" बाई झाकण उचलून म्हणायच्या, "पाच बोटं."

आता माझ्या हातांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

मी नांदगाव खंडेश्वरकडच्या खेड्यातली. माहेरी शेतातलं काम केलं, पण पाण्यातलं इतकं नाही. इथे खानावळीची भांडी दोन्ही वेळची, राख आणि सोडा, वर विहिरीचं गार पाणी. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या बोटांना खाज सुटली. मग कातडं सोलपटलं, भेगा पडल्या, त्यांतून पाणी आणि रक्त येऊ लागलं. मी कोणाला बोलले नाही. मला बोलता यायचंच नाही. पदराखाली हात लपवून वाढायची.

एका दुपारी जिनातल्या मुनीमाच्या ताटात मी भाकर टाकली. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, ताट पुढे सरकवलं आणि उठला.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"या हातची भाकर?" तो म्हणाला. "हा महारोग हाये. दिसून राहिला तुमाले, का नाई?"

तो शब्द एकदा बाहेर पडला आणि मग परत आत गेला नाही. चार दिवसांत जेवणारे निम्मे झाले. सासूबाई मला चुलीजवळ येऊ देईनात. पोळपाट माझ्या हातून काढून घेतला. रात्री त्या माझ्या मालकांना म्हणाल्या आणि मी ऐकावं म्हणून मोठ्यानेच म्हणाल्या, "कापूस घरात आला का तिच्या भावाले बलावतो. घेऊन जाऊ दे. हात बरे झाले तर येईन, नाई तर नाई."

माझे मालक कूस बदलून निजले. ते माझ्याहूनही मुके. माहेरी परत गेलेल्या बाईला परत कोण आणतं, हे मला माहीत होतं. आमच्या गावात अशी एक होती.

दुसऱ्या दिवशी बाई सुई घेऊन आल्या. त्यांनी मला अंगणात, सगळ्यांसमोर, बाजेवर बसवलं.

"डोळे मिट."

मी मिटले. त्यांनी बोटाच्या टोकाला टोचलं. मी ओरडले.

"दुखलं?"

"हो."

"आन इथं?"

मी पुन्हा ओरडले. बाई उभ्या राहिल्या आणि ओळीतल्या सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आयका वं! महारोगाले सुई समजत नाई. या पोरीले समजली. हे इसब हाये. पान्यानं झालं. हात कोरडे राहिले का बरं होईन!"

सासूबाई मोरीजवळून म्हणाल्या, "हात कोरडे ठेवाचे! मंग खानावळीचे भांडे काय मी जिभेनं चाटू?"

कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. माझे हात त्यांनी उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाल्या, "कापूस घरात येयाले अजून वेळ हाये," आणि छपराकडे गेल्या.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते माझ्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही. त्या म्हणायच्या, मोज्यासाठी केलं. पण रोज संध्याकाळी त्या येऊन माझ्या बोटांना झिंकचं मलम लावायच्या, आणि लावताना माझ्याशी नाही, बोटांशीच बोलायच्या. "आज तू कमी लाल हायेस. तू मात्र काई ऐकत नाईस."

मोज्याचं एक एक दुखणं त्या काढत गेल्या. बोटांची टोकं जाड झाली तर भांड्याची चिकणाई कळत नाही, म्हणून टोकाला थर कमी. राखेत हात घसरतो, म्हणून तळव्याला वाळूचे बारीक कण लावलेला साचा. आणि आत घाम येतो, घामाने इसब वाढतं, हे तर सगळ्यात मोठं.

ते सुटलं माझ्या मालकांमुळे. ते जिनातून यायचे तेव्हा भुवया, मिशा, हात, सगळं पांढरं. कापसाची बारीक लव अंगाला चिकटून बसलेली. बाईंनी अंगणात त्यांचा हात धरला. ते लाजून मागे सरले, पण बाईंनी सोडला नाही.

"हे काहून चिकटलं गा?"

"घामानं चिकटते."

"खाली पडत नाई?"

"घासल्याशिवाय नाई जात."

बाईंनी त्यांना तसंच पंच्याने झटकलं आणि सांगितलं, "उद्या पोतंभर हे घेऊन येजो." जिनाच्या तुळयांवर साचलेली ती लव कोणाला नकोच असते. त्यांनी आणली. बाईंनी साच्यावरचा शेवटचा थर ओला असतानाच त्यावर लव उधळली. वाळल्यावर साच्यावरून मोजा उलटा करत ओढून काढला. बाहेरचं आत गेलं. आतून मोजा असा मऊ की मी पहिल्यांदा बोट घातलं तेव्हा मला सशाच्या पिल्लाची आठवण झाली.

आणि मग ती जोडी तयार झाली. कोपरापर्यंत लांब, मनगटाला घट्ट, पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशी. बाई दुपारी मोरीवर आल्या. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"घाल."

मी घातला. बोटं गेली, तळवा गेला, आणि मोजा बांगड्यांशी अडला. बाईंनी ओढला. जाईना.

"काढ ह्या," त्या म्हणाल्या. दवाखान्यात बाळंतिणीला सांगतात तसं सहज.

मला नाही म्हणता आलं नाही. कोणालाच म्हणता यायचं नाही, बाईंना तर नाहीच. मी साबण लावून बांगड्या उतरवल्या, मोरीच्या कठड्यावर ठेवल्या आणि मोजे घातले. पहिला गंज घासला. पाणी बाहेर वाहत होतं आणि माझे हात आत कोरडे होते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच भांडी घासताना मला आग झाली नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. हातात भाजीची पिशवी होती. त्यांनी आधी कठड्यावरच्या बांगड्या पाहिल्या.

"अवं माय! माहा पोरगा जिता हाये ना? कोनाच्या नावानं हात रिकामे केले वं तू?"

पिशवी पडली. त्यांनी माझे मोजे ओढून काढले आणि अंगणात फेकले. स्वतःच्या हाताने घाईघाईने बांगड्या माझ्या हातात चढवल्या. भेगांवर त्यांची बोटं लागत होती तरी त्यांना कळत नव्हतं.  सासरे गेले तेव्हा सासूबाईंच्या बांगड्या दगडावर फोडल्या होत्या, हे मालकांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मला त्या फक्त रागावलेल्या दिसल्या.

मग त्या बाईंकडे वळल्या. "आन तुमी, नर्सबाई. तुमाले काय समजते बांगडीचं!"

 बाई खाली वाकल्या, मोजे उचलले, माती झटकली.

"खरं हाये," त्या म्हणाल्या. "मले नाई समजत."

रागाने नाही म्हणाल्या. एखादी नवी गोष्ट कळल्यासारखं म्हणाल्या. साचे त्यांनी स्वतःच्या हातांवरून केले होते. लहानपणापासून रिकाम्या असलेल्या हातांवरून. मनगटात काही असतं हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

सासूबाईंनी मला त्यांच्याकडे जायला बंदी केली आणि माझ्या भावाला निरोप धाडला.

बाईंचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. त्यांनी नंतर बऱ्याच जोड्या केल्या. अमरावतीच्या, अकोल्याच्या दुकानदारांना दाखवल्या. दुकानदार हसायचे. "भांडे घासाले मोजे? उद्या झाडू माराले टोपी मागतीन." दुकानात त्या विकल्या गेल्या नाहीत. पण कोणाच्या हाताला जखम आहे असं कळलं की बाई पिशवी घेऊन त्या घरी जायच्या. पुढे मलबारी सिस्टर बदलून गेली आणि दूध यायचं थांबलं. मुंबईचे मोजे बाजारात आले तेव्हा बाईंनी एक जोडी आणली, कात्रीने उभी कापली, अंगठा उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "चांगलं केलं. पन बांगडीचा इचार यांनीबी नाई केला." त्या गेल्या तेव्हा त्यांचे ते मातीचे हात कोणी कोणी घरी नेले. एकीने त्यावर शेवया वाळत टाकलेल्या मी पाहिल्या आहेत.

पण त्या वर्षी कापूस घरात यायला लागला होता आणि बाईंना बांगड्या भरलेला हात हवा होता.

साचा करायचा तर हाताला तेलाचं फडकं गुंडाळायचं, त्यावर दवाखान्यात मोडलेल्या हाडाला घालतात ते प्लास्टर चढवायचं आणि वाळल्यावर कात्रीने कापून काढायचं. त्या खोळीत कुंभार माती दाबून हात घडवणार. कापताना धक्का बसला तर बांगडी टिचणार. बाई दारोदार गेल्या. एकही सवाष्ण तयार झाली नाही. एक म्हणाली, "बाई, माहा जीव मांगा, बांगडी नोका मांगू." तिचंही चुकलं नाही.

मग एके दिवशी बांगड्या भरणारी मन्यारीण आली. डोक्यावर टोपली घेऊन ती ओळीत दार-दार थांबायची. बाईंच्या दारावरून मात्र ती नेहमी खाली मान घालून पुढे जायची. त्या दिवशी बाई बाहेर येऊन ओट्यावर बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"भर."

मन्यारीण उभीच राहिली. "कोनाले, बाई?"

"मले. साच्यासाठी पायजे."

दारादारांत बायका जमल्या. मी आमच्या चौकटीमागे उभी होते. मन्यारणीने टोपली उतरवली, पण हात लावेना.

"बाई, मले पाप लागन."

"माह्या हातात फुटल्या तर कोनाचं काय जाते? भर."

तिने एक बांगडी उचलली आणि पुन्हा ठेवली.  बाईंचे हात मात्र तसेच पुढे होते. उन्हात, सगळ्यांसमोर, रिकामे.  बाई पहिल्यांदाच कोणाच्या हाताकडे न बघता समोर कुठेतरी बघत होत्या.

माझ्या सासूबाई पुढे गेल्या. मला वाटलं आता भांडतील. त्या ओट्याजवळ बसल्या, पदर खोचला, बाईंचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि अंगठ्याचं हाड आत दाबलं.

"हाड जून झालं तुमचं," त्या म्हणाल्या. "ढिला सोडा. असा नाई, अजून ढिला. दे वं, इकडं दे."

मन्यारीण एकेक बांगडी द्यायची आणि सासूबाई दाबून दाबून चढवायच्या. दुखत असणार.  हात भरून झाल्यावर त्यांनी तो वर केला, खाली केला. बांगड्या कोपराकडे सरकल्या, पुन्हा मनगटावर आल्या. वाजल्या. बाईंनी पुन्हा वर केला, पुन्हा खाली केला.

"ह्या तर चालते फिरते हायेत," त्या म्हणाल्या. "मले वाटलं एका जागी बसून राह्यते."

सासूबाई तोंड फिरवून मन्यारणीच्या टोपलीत बघायला लागल्या.

प्लास्टरही सासूबाईंनीच चढवलं, बाई सांगतील तसं. दोन्ही हात पांढरे करून बाई बाजेवर वाळत बसल्या. सासूबाई त्यांच्यावरच्या माश्या वारत होत्या. जेवायची वेळ झाली. खानावळीला उरलेले चार लोक पंगतीला बसले होते, तो मुनीमही अंगणातून चालला होता.

"भूक लागली," बाई मोठ्याने म्हणाल्या.

"मी भरवतो तुमाले," सासूबाई म्हणाल्या.

"तुमी नाई. पोरगी कुठं हाये? तिच्या हातानं खाईन."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चौकट धरून तिथेच राहिले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मुनीमाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आयकू नाई आलं का वं? भाकर आन बेसन घे."

मी ताट घेऊन गेले. भेगा पडलेल्या बोटांनी भाकरीचा तुकडा मोडला, बेसनाला लावला आणि बाईंच्या तोंडाजवळ नेला. बाईंनी तोंड उघडलं. त्यांनी सावकाश खाल्लं. माझ्या बोटांना लागलेलं बेसनसुद्धा त्यांनी सोडलं नाही. मुनीम मधेच थांबला होता. बाई घास गिळून त्याला म्हणाल्या, "चांगलं झालं बेसन. तुमी चुकवून राहिले."

प्लास्टर कापताना बांगड्या टिचल्याच. काही त्यांच्या हातात राहिल्या, काहींचे तुकडे झाले. राहिलेल्या बांगड्या बाईंनी साबण लावून उतरवल्या, जराही न थांबता, कामातून काम केल्यासारख्या. तुकडे सासूबाईंनी एकेक वेचले आणि पदरात बांधून नेले. कुठे टाकले मला माहीत नाही.

नवे मोजे आले. मनगटाला पोट होतं. बांगड्या त्यात निवांत राहायच्या आणि वर बंद बांधायचा. तोंडाशी दुमड होती, हात वर केला की ओघळ तिथेच अडायचा. बघायला बेढब. मी ते घालून भांडी घासू लागले. भेगा भरत आल्या. बोटांवर नवं कातडं आलं, लहान मुलासारखं गुलाबी.

कापूस घरात आला आणि माझा भाऊ बंडी घेऊन आला. त्याने बैल सोडले, पाय धुतले आणि मोरीवर मला पाहून थबकला.

"हे काय घातलं वं?"

 सासूबाई म्हणाल्या, "बसा पावने. आधी भाकर खा." आणि मला म्हणाल्या, "काढ ते मोजे. चुलीपाशी ये."

मी भाकरी थापल्या. भाऊ जेवला. जेवून झाल्यावर तो हात पुसत म्हणाला, "मंग, हिचे कपडे बांधले का? दिवस असताना निघा लागन."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"कोनाचे कपडे?" सासूबाई म्हणाल्या. "निरोप धाडला तवा धाडला. आता इले नेलं तर भाकरी तुमी थापान का इथं?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी चुलीत बघायला लागले, कारण डोळे भरले होते. तेवढ्यात वहाणांचा आवाज झाला आणि बाई आल्या. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. वाळत टाकलेला मोजा उचलला, त्यात पाणी भरलं, तोंड पिळून धरलं आणि दाबला. सगळी बोटं फुगली. अंगठ्याच्या बेचक्यात एक थेंब जमला, लोंबला आणि पडला.

"बाई," भाऊ म्हणाला, "माह्या बहिनीचे हात खरंच बरे होतीन ना?"

बाईंनी ते ऐकलं नाही. त्या दुसऱ्या थेंबाची वाट बघत होत्या. "अंगठ्यात दोष हाये," त्या म्हणाल्या. "मी घेऊन जातो. उद्या देतो. तोपर्यंत पोरीले पान्यात हात घालू देऊ नोका."

मोरीत सकाळच्या पंगतीची उरलेली भांडी पडली होती. सासूबाईंनी एकदा भांड्यांकडे पाहिलं. मग पातळ वर खोचलं, मोरीत जाऊन बसल्या आणि राखेत हात घातला.

बाई मोजा घेऊन निघाल्या होत्या. दारात थांबल्या. मागे वळून सासूबाईंच्या ओल्या हाताकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"तुमचा पंजा मोठा हाये," त्या म्हणाल्या. "साचा येगळा लागन."